पन्नास पैशांचे कार्ड, एकसष्ट रुपयांची नोटीस

संवत्सरी झाली की व्यापारी घरांत क्षमापना-पत्रिकांचे काम निघत असे. नातेवाइकांची यादी, आडत्यांची यादी, जुन्या गिऱ्हाइकांची यादी. मुलांनी पत्ते लिहायचे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिकिटांचा हिशेब करायचा. डहाणू रोडहून निघालेल्या पत्रिकेला शेजारच्या तलासरीला जायचे असो, सुरतेला जायचे असो की थेट कोलकात्याला, तिकीट एकच लागे. याचे कोणाला नवल वाटत नसे. वास्तविक ते नवलाचेच आहे. माल जितका दूर जाईल तितके भाडे वाढते, हे डहाणूच्या चिकूच्या व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग पत्राचेच भाडे अंतराला का जुमानत नाही?

एके काळी ते जुमानत होते. कंपनी सरकारच्या अमदानीत, १८३७ च्या कायद्यानंतर, कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र धाडण्यास एक रुपया पडे आणि आग्र्यास बारा आणे. इंग्लंडातही असाच प्रकार होता. तेथे रोलंड हिल या गृहस्थाने त्याच वर्षी एक पुस्तिका लिहून टपालखात्याचा हिशेब उलटा मांडला. पत्र गाडीतून नेण्याचा खर्च अगदी नगण्य असतो, असे त्याने दाखविले. खरा खर्च होतो तो पत्र गोळा करणे, त्याचा दर मोजणे, वसुली करणे आणि दारोदार पोहोचविणे यांत. अंतराप्रमाणे दर लावला तर त्या मोजणीचाच खर्च वाढतो. तेव्हा दर एकच ठेवावा आणि पैसे आगाऊ घ्यावेत. यातूनच १८४० साली पहिले तिकीट निघाले. आपल्याकडे १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला, ते देशात कोठेही जावो, अर्धा आणा असा दर झाला. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले.

थोडक्यात, तिकिटाची किंमत ही त्या एका पत्राच्या प्रवासाची किंमत नव्हे. ती सरासरी आहे. जवळचे पत्र दूरच्या पत्राचा भार उचलते आणि शहरातले पत्र पाड्यावरच्या पत्राचा. मुंबई-सुरत मार्गावरच्या पत्राने जे वाचते, त्यावर तलासरीच्या आतल्या पाड्यापर्यंत पोस्टमन चालत जातो.

ही सरासरी ठरवायची कोणी? १८९८ च्या टपाल कायद्याने दर ठरविण्याचा अधिकार सरकारला दिला खरा, पण पत्र, कार्ड यांसारख्या नेहमीच्या टपालाची कमाल मर्यादा कायद्याच्या परिशिष्टातच लिहून ठेवली. त्यापुढे जायचे तर वित्त विधेयकातून कायदेमंडळाची संमती घ्यावी लागे. म्हणून पोस्टकार्डाचा भाव मिठाच्या कराप्रमाणे अंदाजपत्रकाचा आणि वादाचा विषय होऊन बसला. १९२२ साली कार्ड पाव आण्यावरून अर्ध्या आण्यावर आणि पत्र अर्ध्या आण्यावरून एका आण्यावर गेले. एका फटक्यात दुप्पट.

काही वाढी मात्र गाजावाजा न होता झाल्या. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा पत्राला दोन आणे लागत. त्याचे नवे पैसे होतात साडेबारा. अर्धा नवा पैसा अस्तित्वात नसल्याने तिकीट निघाले तेरा नव्या पैशांचे. शेकडा चारची ही वाढ केवळ पूर्णांक करण्यापोटी झाली. पेढीवरच्या मुनिमाच्या नजरेतून ती सुटली नसणार. पुढे १५ नोव्हेंबर १९७१ पासून बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या साहाय्यासाठी टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. पोस्टकार्ड त्यातून वगळले होते. गरिबाचे कार्ड महाग करायचे नाही, हा दंडक तेव्हाही पाळला गेला.

हा दंडक पुढे इतका घट्ट झाला की दर जागचे हलेनासे झाले. कार्ड पन्नास पैसे, आंतर्देशीय पत्र अडीच रुपये, वीस ग्रॅमचे पाकीट पाच रुपये, हे आकडे वीस वर्षांहून अधिक काळ तेच राहिले. पाठीवर जाहिरात असलेले मेघदूत कार्ड तर पंचवीस पैशांचे. जून २०११ नंतर पंचवीस पैशांचे नाणेच चलनातून गेले, कार्डाची किंमत राहिली. काही वर्षांपूर्वीच्या हिशेबाप्रमाणे टपालखात्याला एका पोस्टकार्डामागे बारा रुपयांच्या वर खर्च येत होता. शेकडा चार वसुली! असा धंदा कोणत्याही पेढीला सहा महिन्यांत दिवाळे दाखवील.

तूट कोठून तरी भरून निघावी लागते. जे दर परिशिष्टात बांधलेले नव्हते ते वाढविणे सोपे होते. आणि येथेच हा विषय व्यापाऱ्याच्या गल्ल्यापर्यंत येतो. न वटलेल्या धनादेशाची नोटीस असो की भाडेकरूला द्यायची सूचना, आपली भिस्त रजिस्टर टपालावर. पाच रुपयांचे तिकीट, सतरा रुपये नोंदणी, त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून ते २५ रुपये ९६ पैशांत जाई. २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आणि १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टाचे नवे दर लागू झाले. पन्नास ग्रॅमपर्यंत स्थानिक १९ रुपये, बाहेरगावी ४७. नोंदणीचे पाच निराळे. डहाणू रोडहून मुंबईला जाणाऱ्या नोटिशीला करासह ६१ रुपये ३६ पैसे होतात. पूर्वीच्या दुपटीहून अधिक. नोटीस लवकर पोहोचते हे खरे. पण वीस जणांना नोटिसा धाडणाऱ्याला हा फरक सातशे रुपयांचा पडतो.

या दरपत्रकात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पन्नास ग्रॅमपर्यंत बाहेरगावचा दर मुंबई काय, कोलकाता काय, एकच आहे. पाकीट त्याहून जड, अडीचशे ग्रॅमपर्यंतचे झाले की दोनशे किलोमीटरच्या आत ५९ रुपये आणि दोन हजार किलोमीटरच्या पलीकडे ७७. हिलने हद्दपार केलेले अंतर जड पाकिटापाशी दबा धरून बसले आहे.

१८ जून २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी २०२३ चा टपाल कायदा अमलात आला. त्याने दोन गोष्टी बदलल्या. दर ठरविण्याचे काम आता टपालसेवेच्या महासंचालकांच्या नियमांतून होते. पोस्टकार्डाच्या भावासाठी अंदाजपत्रकाच्या भाषणाकडे कान लावण्याचे कारण उरले नाही. आणि पत्रे वाहण्याची सरकारची कायदेशीर मक्तेदारी गेली. कुरिअरवाले पूर्वीपासून होतेच. ते डहाणू रोडच्या बाजारपेठेत येतात, महामार्गालगत तलासरीच्या नाक्यापर्यंतही येतात, कारण तेवढे परवडते. जवळचे आणि सोपे टपाल असे त्यांच्याकडे सरकत गेले, तर सरासरी काढायला टपालखात्याकडे लांबचे आणि अवघडच उरेल. त्या स्थितीत पाच रुपयांचे तिकीट किती दिवस पाच रुपयांचे राहील, हा आता संसदेतल्या मतांचा नव्हे, निव्वळ हिशेबाचा प्रश्न झाला आहे. तूर्त तरी तलासरीच्या शेवटच्या पाड्यावर धाडलेल्या साध्या पत्राला आणि डहाणू रोडच्या दोन गल्ल्या ओलांडणाऱ्या पत्राला तेच पाचाचे तिकीट लागते.