चरखा आणला, पण पेळूचे काय?

जुलै 1927मध्ये बंगळुरूत खादीचे प्रदर्शन भरले होते. निपाणीकडच्या दौऱ्यात प्रकृती ढासळल्याने गांधीजी आधी नंदी टेकडीवर आणि मग या शहरात विश्रांतीला होते. प्रदर्शनात त्यांचे भाषणही झाले. चरखा आणि गांधीजी ही जोडी अशी पक्की बसली, की चरखा त्यांनीच शोधला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ‘हिंद स्वराज्य’ लिहीपर्यंत चरखा पाहिल्याचेही आपल्याला आठवत नाही, असे त्यांनीच आत्मकथेत लिहिले आहे. पुढे गंगाबेन मजमुदार यांनी तो बडोदे संस्थानातल्या विजापुरातून हुडकून काढला.

दुसऱ्या टोकाची मंडळी चरखा थेट वेदकाळात नेऊन बसवतात. तेही घाईचे. इतिहासकार इरफान हबीब यांनी दाखवलेला चरख्याचा स्पष्ट भारतीय उल्लेख इसामीच्या फारसी काव्यात आहे; ते 1350मध्ये दख्खनेतच, बहामनी आश्रयाने लिहिले गेले. त्याआधीची हजारो वर्षे काम चालले ते टकळीवर. तिच्या चकत्या हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर सापडल्या आहेत. त्यामुळे टकळी म्हणजे शाळेतल्या कार्यानुभवाचे खेळणे, हा समज सोडलेला बरा. तिची गती कमी, एवढाच तिचा दोष.

घरी सूत कातायला बसणाऱ्याला सर्वांत महाग पडणारा गैरसमज मात्र वेगळाच आहे: चरखा आणला की सूत निघते. हौसेने पेटीचरखा येतो, औषधाच्या दुकानातून कापसाची गुंडाळी येते, आणि तासाभरात चरखा माळ्यावर जातो. जखमेसाठीच्या त्या कापसातले नैसर्गिक मेण काढून टाकलेले असते आणि तंतूही बहुधा आखूड असतात. नवशिक्याच्या हातात तो टिकत नाही. सरकी काढलेला, नीट पिंजलेला आणि वळून पेळू केलेला कापूस हवा. पेळूत गाठ असेल, तर तार तिथेच तुटणार. शिकणारा दोष आपल्या हाताला देतो, तो बहुतेक वेळा पेळूचा असतो.

चाक जोरात फिरवले की काम भागते, हेही खरे नाही. सूत धरून ठेवतो तो पीळ. उजव्या हाताने चाक फिरते, डावा हात पेळू मागे नेतो. तार चातीच्या, म्हणजे चरख्याच्या फिरत्या सळईच्या, टोकावरून प्रत्येक फेऱ्याला निसटते आणि एकेक पीळ आत शिरतो. मग चाक किंचित उलटे फिरवून तार चातीशी काटकोनात धरायची, म्हणजे चाक पुन्हा सुलटे फिरताच ती गुंडाळली जाते. पीळ कमी पडला तर तार सुटते, जास्त झाला तर तिची वेटोळी होतात. मार्चमधल्या कोरड्या हवेत कापसाचा धागा लवकर तुटतो. पावसाळी दमट हवेत तो अधिक मजबूत राहतो.

हातसूत जाडेभरडेच असते, या समजुतीला आंध्रातले पोंदुरू हे चोख उत्तर. तिथे वाळुगा माशाच्या दातेरी जबड्याने कापूस विंचरतात आणि शंभर अंकापर्यंतचे सूत कातले जाते; अंक जितका मोठा, तितके सूत बारीक.

आता हिशेब. वीस अंकाचे सूत ग्रॅमला सुमारे 34 मीटर भरते. शर्टाचे कापड 300 ग्रॅमचे धरले, तर सूत लागेल दहा किलोमीटर. ताशी 300 मीटर कातले तरी 33 तास, आणि विणकाम वेगळेच. शनिवार-रविवारी शर्ट होत नाही. गांधीयुगातल्या कार्यकर्त्यांनाही ही गती खुपत होती. म्हणूनच 1929मध्ये चरखा संघाने आठ तासांत 16,000 फूट सूत देणाऱ्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. ते कोणालाच मिळाले नाही.

दुकानातली खादी पेटीचरख्यावर कातलेली असते असे समजणाऱ्यांनी चित्रदुर्ग आठवावे. खादी आयोगाचा पेळू कारखाना तिथे आहे, आणि आज खादीचे बरेचसे सूत अनेक चात्यांच्या सुधारित अंबर चरख्यांवर निघते. ही फसवणूक नव्हे. खादी आयोगाच्या 1956च्या कायद्याची अट हातसूत आणि हातमाग एवढीच आहे. हातमागाचे प्रत्येक कापड मात्र खादी नसते. त्यात गिरणीचे सूत चालते.

बंगळुरूत घरी सुरुवात करायची असेल, तर आधी टकळी घ्या आणि पैसे चांगल्या पेळूंवर खर्च करा. चरखा नंतर आणला तरी चालेल.