विश्लेषण : कामगार संघटनेत कोण आहे, हे मालकाला कळलेच पाहिजे का?

हिंगोली जिल्ह्यात मोठे कारखाने मोजकेच. इथे संघटना भेटते ती एसटीच्या आगारात, मोंढ्यातल्या हमालांत, वसमतच्या साखर कारखान्यात किंवा अंगणवाडी सेविका आणि आशांच्या मोर्चात. लहान ठिकाणी साहेब आणि कामगार एकमेकांना घरापर्यंत ओळखतात. त्यामुळे सदस्यत्वाची पावती फाडताना पहिला प्रश्न येतो : माझे नाव कुठे कुठे जाणार?

सदस्यांची यादी कोण पाहू शकते?

यादी ठेवणे संघटनेला बंधनकारक आहे. ती पाहण्याची सोय पदाधिकारी आणि सदस्यांसाठी असावी, असे १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही हीच तरतूद आहे. त्यात मालकाचा उल्लेख नाही.

मग नावे बाहेर कशी जातात?

वाटाघाटीचा हक्क संख्याबळावर मिळतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने मान्यतेसाठी आधीच्या सहा महिन्यांत किमान ३० टक्के सदस्यत्वाची अट घातली. नव्या संहितेनुसार, अनेक संघटना असतील तर एकट्याने वाटाघाटी करायला हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. आकडा सिद्ध करताना पावत्या आणि नोंदवह्या बाहेर येतात.

दुसरी वाट पगाराची. लेखी संमती दिली की वर्गणी पगारातूनच कापली जाते. संघटनेची सोय होते, पण कोण कोणत्या संघटनेत आहे हे पगार काढणाऱ्यालाही दरमहा कळते. तिसरी वाट व्हॉट्सॲपची : मोर्चाच्या तयारीचा एक स्क्रीनशॉट वरिष्ठांपर्यंत जायला वेळ लागत नाही.

नाव कळल्याने काय बिघडते?

ब्रिटनमध्ये २००९ साली बांधकाम कंपन्यांसाठी चालवलेली ३ हजारांहून अधिक कामगारांची काळी यादी उघड झाली. संघटनेत सक्रिय असणाऱ्या अनेकांना त्यामुळे काम मिळेनासे झाले होते. आपल्याकडे संघटनेत गेल्याबद्दल कामगाराला त्रास देणे ही अनुचित कामगार प्रथा ठरते. अडचण पुराव्याची असते, कारण ‘संघटनेत गेला म्हणून’ असे बदलीच्या आदेशावर कोणी लिहीत नाही.

नावे न सांगता संख्या मोजता येते?

येते. भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी गुप्त मतदानाची पद्धत घालून दिली. कोणाला किती पाठिंबा हे समजते, कोणी कोणाला दिला हे समजत नाही.

माहिती संरक्षण कायदा काय म्हणतो?

युरोपच्या कायद्यात संघटनेचे सदस्यत्व ही आरोग्य किंवा धर्मासारखीच विशेष संरक्षणाची माहिती आहे. भारताच्या २०२३ च्या कायद्यात असा वेगळा वर्ग नाही. उलट नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी मालक संमतीविना माहिती वापरू शकतो. मात्र यादी संगणकात किंवा मोबाईलमध्ये ठेवणाऱ्या संघटनेवरही ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी हा कायदा टाकतो.

संघटनेने काय करावे?

यादी दोन-तीन जबाबदार व्यक्तींकडेच ठेवावी. अर्जात गरजेपुरतीच माहिती घ्यावी. सरसकट आधारची प्रत मागू नये. कार्यालयाच्या संगणकावर किंवा सरकारी मोबाईलवर संघटनेचे काम करू नये. वर्गणी पगारातून कापायची की हाती पावती घ्यायची, हे सदस्याला ठरवू द्यावे. आपले नाव जपले जाईल हा भरवसा असेल, तरच घाबरणारा कामगार पावती फाडायला पुढे येतो.