शिवणीमागचे हात : पोर्तुगालच्या कापडधंद्यातल्या बायका

घरातला एखादा टी-शर्ट उलटा करून बघा. कापड ताणलं तरी बाजूची शिवण तुटत नाही, कारण ती साध्या मशिनची नसते, ओव्हरलॉकची असते. पण मशिन चांगलं असून भागत नाही. ताणणारं कापड न ओढता, चुणी न पडू देता सुईखालून सरकवायचं, ही हाताची करामत. आज आपण अशा हातांवर उभ्या असलेल्या एका धंद्याबद्दल बोलणार आहोत. हा धंदा आहे पोर्तुगालमधला.

पोर्तुगाल म्हटलं की आपल्याला गोवा आठवतो. युरोपच्या पश्चिम टोकाच्या या देशाची लोकसंख्या मुंबई शहरापेक्षाही कमी आहे. तरी तिथे कापड आणि कपड्यांच्या कामात एक लाखाहून जास्त माणसं आहेत. 2022 साली त्यांनी पाच अब्ज युरोंहून जास्त किमतीचा माल परदेशी पाठवला. कपडे शिवणाऱ्यांत बायकाच जास्त.

हे काम मुख्यतः देशाच्या उत्तरेला, आवे नदीच्या खोऱ्यात आणि त्याच्या आसपास चालतं. गिमाराइश, फामालिकाव, बार्सेलुश ही तिथली गावं. गिरण्या येण्याआधी त्या भागातल्या बायका घरीच लिननचं कापड विणायच्या. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच झाडाच्या खोडातून हा धागा निघतो. झाड उपटायचं, पाण्यात कुजवायचं, कुटायचं, विंचरायचं, मग सूत कातायचं. 1845 साली व्हिझेला नदीकाठी मोठी सूतगिरणी उभी राहिली, आणि हे कसब असलेले हात हळूहळू गिरणीत गेले.

गिरणीला कापूस कुठून यायचा, तेही ऐका. पोर्तुगालच्या ताब्यातल्या मोझांबिक आणि अंगोलामधून पुष्कळ कापूस यायचा. तिथल्या शेतकऱ्यांवर, त्यातही बायकांवर, कापूस पेरायची सक्ती होती, आणि भाव सरकार ठरवायचं. खायचं धान्य पेरायला वेळ उरायचा नाही. ही सक्ती 1961 साली उठली. म्हणजे एका टोकाला शेतात बाई, दुसऱ्या टोकाला गिरणीत बाई, आणि भाव ठरवणारा तिसराच.

1961 सालीच आफ्रिकेत युद्ध पेटलं. तरुण पुरुष तिकडे गेले, कितीतरी जण कामासाठी फ्रान्सला गेले. मागे राहिलेल्या बायकांनी गिरण्या चालवल्या. सकाळी गुरांचं आवरायचं, मग पाळीला जायचं. त्यातल्या बऱ्याच जणींची शाळा जेमतेम चौथीपर्यंत. मुलींना चार वर्षं शाळा सक्तीची झाली तीच मुळी 1960 साली. 25 एप्रिल 1974 ला हुकूमशाही पडली आणि त्याच वर्षी देशात पहिल्यांदा किमान वेतन ठरलं, महिना 3300 एश्कुदू.

पुढे 2005 साली मोठा धक्का बसला. तोवर कोणत्या देशातून किती कपडे आणायचे यावर श्रीमंत देशांची मर्यादा होती. 1 जानेवारी 2005 ला ही पद्धत संपली आणि चीनचा स्वस्त माल बाजारात मोकळा झाला. आवे खोऱ्यात गिरण्या बंद पडल्या. पंचवीस-तीस वर्षं मशिनवर बसलेल्या बायका घरी आल्या.

मग उरले ते कसे टिकले? स्वस्ताईत चीनशी बरोबरी होणार नव्हती. त्यांच्याकडे कसब होतं आणि सगळी कामं जवळजवळच्या गावांत होती. एकीकडे सूत, शेजारी विणकाम, पुढे रंगणी, मग कटाई आणि शिलाई. पॅरिसचा व्यापारी नुसतं चित्र पाठवतो. कागदावर साचा काढणारी तो कपडा कसा बसेल हे ओळखते. नमुना शिवणारी थोड्या दिवसांत तो उभा करते. रंगाच्या खोलीत छटा तंतोतंत जुळवतात. तपासणारीचा हात फिरला की कापडाची चूक सापडते. लहान ऑर्डर, चोख काम आणि वेळेत पोच, यावर धंदा तरला.

पण खरी गोम पुढे आहे. इतकं कसब असूनही शिवणाऱ्या बाईची मजुरी किमान वेतनाच्या आसपासच राहिली. मशिन दुरुस्त करणारा, कटाई करणारा बहुतेक पुरुष, आणि त्याची पायरी वरची. शिलाई काय, बायकांना येतेच, असं म्हटलं की ती शिकायला गेलेली वर्षं कुणी मोजतच नाही. आज तिथल्या जुन्या कारागीर निवृत्त होताहेत आणि त्यांच्या मुली या कामाला यायला तयार नाहीत. आता मालक म्हणतात, माणसं मिळत नाहीत.

एक गोष्ट मात्र घेण्यासारखी. 2001 च्या सुमारास तिथे केंद्रं सुरू झाली. शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांनी अनुभवातून काय शिकलं ते तिथे तपासतात आणि त्याचा दाखला देतात. आपल्याकडे प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतही आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय ठेवलेली आहे.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. कोणाला काय येतं याची यादी करा. काज-बटण, फॉल-पिको, ब्लाऊजची कटाई, गोधडी, सगळं लिहा. समोर लिहा, ते शिकायला किती वर्षं लागली आणि एका नगाला किती वेळ लागतो. मग नगाचा दर त्या वेळाशी ताडून बघा. दर ठरवायला समोरचा येईल, तेव्हा ही वही आपल्या हातात असू द्या.