स्वयंचलित स्प्रिंकलर यंत्रणा आणि परवानाप्राप्त अभिकरण : महाराष्ट्रातील कायदेशीर तरतुदींचे विवेचन

प्रस्तावना :

इमारत बांधणारा वास्तुविशारद, वीजजोडणी करणारा ठेकेदार, उद्वाहक बसविणारी कंपनी यांना शासनाचा परवाना किंवा नोंदणी लागते, हे सर्वसाधारणपणे सर्वांना ज्ञात असते. छतावरील नळांचे जाळे आणि त्यांना जोडलेले स्प्रिंकलर बसविणाऱ्या कंत्राटदारालाही परवाना आवश्यक असतो, ही बाब मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहते. महाविद्यालयीन प्राध्यापक, प्राचार्य व संस्थाचालक यांच्या दृष्टीने हा विषय केवळ माहितीचा नाही. अनेक महाविद्यालयांत आज बहुमजली इमारती, तळघरे, वसतिगृहे, ग्रंथालये व सभागृहे आहेत. त्यांची अग्निसुरक्षा पुरेशी आहे असे लेखी सांगण्याचा अधिकार कायद्याने ज्याला दिला आहे, तो हा परवानाधारक होय.

प्रस्तुत लेखात स्प्रिंकलर यंत्रणेचे कार्य, महाराष्ट्रातील परवानाविषयक तरतुदी, त्यामागील तत्त्व आणि महाविद्यालयांनी घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे. हा परवाना काम करण्याच्या परवानगीपुरता मर्यादित नसून प्रमाणित करण्याचा अधिकारही देतो आणि म्हणूनच तो गांभीर्याने समजून घेतला पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

स्प्रिंकलर यंत्रणेचे स्वरूप :

स्वयंचलित स्प्रिंकलरचा इतिहास सुमारे दीडशे वर्षांचा आहे. अमेरिकेतील हेन्री पार्मेली यांनी १८७४ मध्ये अशा स्प्रिंकलरचे एकस्व घेतले व तो आपल्या पियानोच्या कारखान्यात बसविला. पुढे फ्रेडरिक ग्रिनेल यांनी त्यात महत्त्वाच्या सुधारणा केल्या. आज सर्वत्र दिसणाऱ्या स्प्रिंकलरच्या तोंडाशी द्रवाने भरलेली काचेची लहान कुपी असते. आगीच्या उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, कुपी फुटते आणि पाण्याची वाट मोकळी होते. द्रवाच्या रंगावरून कुपी कोणत्या तापमानाला फुटेल हे कळते. नारिंगी कुपी ५७ अंश सेल्सिअसला, लाल ६८ अंशांना, पिवळी ७९ अंशांना आणि हिरवी ९३ अंशांना फुटते.

येथे एक रूढ गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चित्रपटांत दाखवितात त्याप्रमाणे धूर होताच सर्व स्प्रिंकलर एकाच वेळी सुरू होत नाहीत. ज्याच्या कुपीला पुरेशी उष्णता पोहोचते तोच स्प्रिंकलर उघडतो. त्यामुळे आग मूळ जागीच रोखली जाते व पाण्याने होणारे नुकसानही मर्यादित राहते.

तथापि, छताला दिसणारा स्प्रिंकलर हा या यंत्रणेचा अखेरचा व सर्वांत लहान भाग आहे. त्यामागे पाण्याची राखीव टाकी, मुख्य पंप, वीज खंडित झाल्यास चालणारा डिझेल पंप, नळातील दाब कायम ठेवणारा लहान जॉकी पंप, नियंत्रण झडप आणि पाणी वाहू लागताच वाजणारी घंटा अशी संपूर्ण साखळी असते. यांपैकी एक दुवा निकामी झाला तरी छतावरील स्प्रिंकलर निरुपयोगी ठरतो.

पाण्याची गरज इमारतीच्या वापरावर अवलंबून असते. भारतीय मानक १५१०५ च्या २००२ च्या आवृत्तीत कमी धोक्याच्या वापरासाठी दर मिनिटाला २.२५ मि.मी. जलघनता व ८४ चौरस मीटर क्षेत्र, तर मध्यम धोक्यासाठी दर मिनिटाला ५ मि.मी. जलघनता व ३६० चौरस मीटर क्षेत्र गृहीत धरले होते. एक चौरस मीटरवर एक मि.मी. पाणी म्हणजे एक लिटर. त्यामुळे पहिल्या वर्गात मिनिटाला सुमारे १८९ लिटर, तर दुसऱ्या वर्गात १८०० लिटर पाणी लागते. धोक्याचा वर्ग ठरविण्यात चूक झाली तर पाण्याची गरज जवळजवळ दहापटीने चुकते. नळाचा व्यास, पंपाची क्षमता व टाकीचे आकारमान ही सर्व गणिते त्याच चुकीवर उभी राहतात. ही चूक उघड्या डोळ्यांना दिसत नाही, कारण पुरेशी आणि अपुरी अशा दोन्ही यंत्रणा छताकडे पाहताना सारख्याच दिसतात. परवान्याची गरज येथूनच निर्माण होते.

महाराष्ट्रातील कायदेशीर तरतुदी :

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा २००७ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ३ असून तो ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्याखालील नियम २००९ मध्ये करण्यात आले. या अधिनियमातील पुढील तरतुदी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

१) मालक व भोगवटादार यांची जबाबदारी : कलम ३ नुसार आवश्यक उपाययोजना करणे व त्या सदैव सुस्थितीत ठेवणे ही जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. उपाययोजना पूर्ण केल्याबद्दल परवानाप्राप्त अभिकरणाचे प्रमाणपत्र त्याने अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावयाचे असते. त्यानंतर दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. व्यवहारात या दोन प्रमाणपत्रांना अनुक्रमे ‘नमुना-अ’ व ‘नमुना-ब’ म्हणतात.

२) परवाना देण्याचा अधिकार : कलम ९ नुसार महाराष्ट्र अग्निशमन सेवेचे संचालक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी व्यक्तीला अथवा व्यक्तींच्या संघाला परवानाप्राप्त अभिकरण म्हणून परवाना देऊ शकतो. त्यासाठी विहित नमुन्यात, विहित शुल्कासह अर्ज करावा लागतो. परवाना कायमचा नसून त्याचे नूतनीकरण करावे लागते.

३) विनापरवाना कामास मनाई : कलम १० नुसार परवानाप्राप्त अभिकरणाशिवाय अन्य कोणालाही अशा उपाययोजनांचे काम करता येत नाही. काही कारणाने मालकाला असे अभिकरण नेमणे शक्य नसेल, तर संचालक किंवा मुख्य अग्निशमन अधिकारी अन्य व्यक्तीला ते काम करण्यास प्राधिकृत करू शकतात. परंतु हा अपवाद अधिकाऱ्याच्या संमतीने होतो, मालकाच्या सोयीने नव्हे.

४) खोट्या प्रमाणपत्रास मनाई : प्रत्यक्ष पूर्तता अथवा देखभाल झालेली नसताना प्रमाणपत्र देण्यास याच कलमाने मनाई केली आहे.

५) शिक्षा : २००६ च्या मूळ अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये तरतुदींच्या उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे सक्तमजुरी आणि वीस हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे.

परवाना मिळविण्यासाठी आवश्यक पात्रता :

स्प्रिंकलरचे काम करू इच्छिणाऱ्याने केवळ नळजोडणीचे कौशल्य मिळविणे पुरेसे नाही. त्याला इमारतीच्या वापराचे वर्गीकरण, धोक्याचा वर्ग, जलदाबाचे गणित, पंपांची निवड, राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग आणि संबंधित भारतीय मानके यांचे ज्ञान असावे लागते. या ज्ञानाच्या औपचारिक शिक्षणाची सोय महाराष्ट्रातच आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची स्थापना १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे झाली आणि १९५७ मध्ये ते नागपूरला आले. अग्निशमन अभियांत्रिकीच्या अध्यापनातील ही देशातील अग्रगण्य संस्था होय.

परवान्यामागील विचार वीज ठेकेदाराच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. वीजकामात ठेकेदाराचा परवाना वेगळा, पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र वेगळे आणि तारतंत्रीचा परवाना वेगळा असतो. ठेकेदाराच्या नावाबरोबरच प्रत्यक्ष काम पाहणाऱ्या व करणाऱ्या व्यक्तीचीही पात्रता तपासलेली असते. अग्निसुरक्षेच्या अधिनियमातील उपरोक्त तरतूद मुख्यतः अभिकरणाच्या परवान्याविषयी बोलते. त्यामुळे परवाना कोणाच्या नावे आहे आणि काम प्रत्यक्ष कोणाच्या देखरेखीखाली होत आहे, हे दोन प्रश्न इमारतीच्या मालकाने स्वतंत्रपणे विचारणे इष्ट ठरते.

काम करणारा आणि प्रमाणित करणारा :

या तरतुदींचा एकत्रित विचार केल्यास एक गोष्ट लक्षात येते. राज्यातील प्रत्येक इमारतीची दर सहा महिन्यांनी स्वतः तपासणी करणे कोणत्याही अग्निशमन दलाला शक्य नाही. म्हणून शासनाने तपासणीचा अधिकार स्वतःकडे राखून, नियमित प्रमाणनाचे काम परवानाधारकावर सोपविले आहे. अर्थात परवानाधारक हा एका अर्थाने शासनाचा डोळा आहे. परंतु त्याचे शुल्क देतो मालक, आणि बहुधा ज्या अभिकरणाने यंत्रणा बसविली तेच तिच्या सुस्थितीचे प्रमाणपत्रही देते. परीक्षार्थीनेच उत्तरपत्रिका तपासावी आणि परीक्षा शुल्क भरणाऱ्याला केवळ गुणपत्रिका हवी असावी, असा हा प्रकार आहे. कलम १० मधील खोट्या प्रमाणपत्राची मनाई याच ठिकाणी संरक्षक भिंतीसारखी उभी आहे. मात्र ही भिंत घटना घडून गेल्यानंतर अधिक उपयोगी पडते.

याबाबत अमेरिकेतील टेक्सास राज्याची पद्धत तुलनेसाठी पाहण्याजोगी आहे. तेथे स्प्रिंकलरचे काम करणाऱ्या व्यवसायसंस्थेला नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि तिच्या सेवेत किमान एक परवानाधारक जबाबदार व्यवस्थापकीय कर्मचारी असावा लागतो. या वैयक्तिक परवान्याचे सर्वसाधारण, निवासी, भूमिगत नळ आणि तपासणी असे प्रकार आहेत. तपासणीला स्वतंत्र कौशल्य मानून तिचा वेगळा परवाना ठेवणे, हा त्यातील लक्षणीय भाग होय. एकाच अभिकरणाकडे दोन्ही कामे असली तरी ती एकच नव्हेत, ही जाणीव त्यामागे दिसते.

महाराष्ट्राने अलीकडच्या काळात आगीच्या अनेक हृदयद्रावक घटना पाहिल्या आहेत. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल परिसरातील आगीत १४ जणांचा, तर ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालकांचा मृत्यू झाला. प्रत्येक घटनेची कारणे भिन्न असतात आणि त्यांचा निर्णय चौकशी यंत्रणा व न्यायालये यांनीच करावयाचा असतो. तथापि, अशा प्रत्येक घटनेनंतर अग्निसुरक्षेची यंत्रणा होती काय, ती चालू स्थितीत होती काय आणि ती शेवटची कोणी तपासली होती, हे प्रश्न अटळपणे उपस्थित होतात. नमुना-ब वरील स्वाक्षरी ही या तिसऱ्या प्रश्नाचे आगाऊ दिलेले उत्तर असते.

महाविद्यालयांनी घ्यावयाची दक्षता :

राष्ट्रीय इमारत संहितेत शैक्षणिक इमारती, वसतिगृहे व सभागृहे हे भिन्न वर्ग आहेत. त्यामुळे एकाच परिसरातील इमारतींच्या गरजा सारख्या नसतात आणि प्रत्येक इमारतीत स्प्रिंकलर आवश्यक असतातच असे नाही. ही गरज इमारतीचा वापर, उंची व तळघर यांवरून ठरते. जेथे यंत्रणा आहे तेथे पुढील बाबी पाळल्या जाव्यात.

१) तीन दरपत्रके मागवून सर्वांत कमी दर स्वीकारण्याची प्रथा येथेही पाळली जाते. परंतु दरांची तुलना करण्यापूर्वी प्रत्येक अभिकरणाचा परवाना, त्याची मुदत व त्यात नमूद केलेले काम तपासावे. परवाना नसलेले दरपत्रक स्वस्त असले तरी ते विचारात घेण्यास पात्र नसते.

२) धोक्याचा वर्ग व जलदाबाचे गणित लेखी स्वरूपात मागावे आणि ते इमारतीच्या नकाशांसोबत जतन करावे. वापर बदलल्यास, उदाहरणार्थ वर्गखोलीचे ग्रंथभांडार झाल्यास, हे गणित पुन्हा करून घ्यावे.

३) सहामाही प्रमाणपत्र स्वीकारण्यापूर्वी चाचणी महाविद्यालयाच्या प्रतिनिधीसमक्ष व्हावी. चाचणीची झडप उघडल्यावर घंटा वाजली पाहिजे आणि दाब उतरताच मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. तो बंद मात्र हातानेच करावयाचा असतो. डिझेल पंपही प्रत्यक्ष चालवून पाहावा.

४) नियंत्रण झडप उघडी आहे, टाकी भरलेली आहे, रंगकाम करताना स्प्रिंकलरवर रंग बसलेला नाही आणि कपाटांची उंची पाण्याच्या फवाऱ्याच्या आड येत नाही, या गोष्टी पाहण्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नाही. त्यांची दरमहा नोंद ठेवणारी वही असावी.

५) शक्य असल्यास यंत्रणा बसविणारे अभिकरण आणि सहामाही प्रमाणपत्र देणारे अभिकरण वेगळे असावे. त्यामुळे होणारा जादा खर्च हा दुसऱ्या डोळ्याने केलेल्या पाहणीचे मूल्य होय.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, स्प्रिंकलर कंत्राटदाराचा परवाना हा शासन, मालक आणि इमारतीत वावरणारी माणसे यांच्यातील विश्वासाचा दस्तऐवज आहे. तो मिळविणाऱ्याने काम करण्याचा हक्क मिळवितानाच खरे तेच प्रमाणित करण्याची जबाबदारी स्वीकारलेली असते. तथापि, परवानाप्राप्त अभिकरण नेमले म्हणून मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी संपत नाही. कलम ३ ने ती त्याच्यावरच ठेवली आहे. जानेवारी व जुलै महिन्यांत प्राचार्यांच्या मेजावर येणारा नमुना-ब हा फाइलला लावावयाचा आणखी एक कागद मानला, तर कायद्याचा हेतू विफल होतो. त्यावर स्वाक्षरी होण्यापूर्वी पंप चालल्याचा आवाज कोणीतरी प्रत्यक्ष ऐकलेला असणे, ही वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांप्रती महाविद्यालयाची किमान बांधिलकी ठरते.