नाडीचा वेग कीं नाडीची लय?

मनगटावरील नाडी पाहतांना ठोक्यांमधील अंतर समान असावें अशी अपेक्षा असते. क्वचित् एखादा ठोका चुकला, तर त्यांत भिण्याजोगें सहसा कांहीं नसतें. परंतु एक ठोका लवकर, दुसरा उशिरां, एक जोरकस तर दुसरा बोटाला जेमतेम लागणारा, आणि या साऱ्या गोंधळांत कसलाच क्रम नाहीं, अशी नाडी लागली कीं वैद्याला एट्रियल फिब्रिलेशन या विकाराची शंका येते. उतारवयांत तो विशेषेंकरून आढळतो.

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका व खालचे दोन म्हणजे जवनिका. निरोगी हृदयांत उजव्या कर्णिकेंतील एका लहानशा केंद्रांतून विजेचा संदेश निघतो आणि कर्णिका एका हुकमानें आकुंचन पावतात. या विकारांत तेथें मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळित संदेश धांवूं लागतात व कर्णिका नुसत्या थरथरतात. सुदैवानें वरच्या व खालच्या कप्प्यांच्या मध्यें निसर्गानें एक देवडी ठेवलेली आहे. ती सगळेच संदेश खालीं सोडीत नाहीं. तरीहि शंभर-दीडशें निसटतात, जवनिका वेड्यावांकड्या धांवतात आणि रोग्याला धडधड व धाप लागते.

यावर वैद्यकांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, कर्णिकांचा गोंधळ चालला तर चालूं द्यावा. जवनिकांचा वेग आटोक्यांत ठेवला म्हणजे झालें. दुसऱ्याला ही वरवरची मलमपट्टी वाटते. मूळ लयच परत आणली पाहिजे असें त्याचें म्हणणें. वेग आवरणारें डिजिटॅलिस बरेंच जुनें. इंग्लंडांतील विल्यम विदरिंग यानें १७८५ मध्यें फॉक्सग्लव्ह या फुलझाडावर ग्रंथ लिहिला तो मुख्यतः अंगावरील सुजेच्या उपचारासाठीं. नाडीवरील त्याचा गुण पुढें नीट उलगडला. लय आणणाऱ्या औषधाची कथा अधिक मौजेची आहे. १९१२ मध्यें वेंकेबाख या डच वैद्याकडे असाच एक व्यापारी आला. यावर उपाय नाहीं असें ऐकतांच त्यानें सांगितलें कीं, कोयनेल घेतलें म्हणजे आपली नाडी ताळ्यावर येते; आणि दुसऱ्या दिवशीं एक ग्रॅम कोयनेल घेऊन, नियमित नाडीनिशीं तो हजर झाला! रोग्यानें वैद्याला शिकविल्याचें असें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण. इतर रोग्यांपैकीं थोड्यांनाच कोयनेलाचा गुण आला. परंतु त्याच सालीपासून निघणारें क्विनिडीन अधिक प्रभावी असल्याचें बर्लिनच्या फॉन फ्राय यानें १९१८ मध्यें दाखविलें. विजेच्या नियंत्रित झटक्यानें लय परत आणण्याची रीत अमेरिकेंत बर्नार्ड लाऊन यानें १९६२ मध्यें प्रसिद्ध केली.

लय येते खरी, पण टिकत नाहीं. आणि टिकविणारीं औषधें कधीं कधीं दुसरा, अधिक घातक गोंधळ उत्पन्न करतात. २००२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘अफर्म’ नांवाच्या पाहणींत अमेरिका व कॅनडांतील ४,०६० रोग्यांचे दोन गट केले होते. पांच वर्षांत लयीच्या गटांत २३.८ टक्के दगावले, वेगाच्या गटांत २१.३ टक्के. हा फरक योगायोगाचाहि असूं शकेल. परंतु लयीचा कैवार घेणाऱ्यांचा तोरा त्यानें उतरला.

पण वाद येथें मिटला नाहीं. १९९८ मध्यें फ्रान्समधील बोर्दो येथें हायसागेर व त्याच्या सहकाऱ्यांनीं ४५ रोग्यांची तपासणी करून दाखविलें होतें कीं, या गोंधळाच्या ठिणग्या बहुधा फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांतून उडतात. मांडीच्या शिरेंतून नळी नेऊन, उष्णतेनें किंवा अतिशीतानें त्या शिरांभोंवतीं व्रणाचें कडें उमटविण्याचा उपाय त्यांतून निघाला. २०१९ च्या ‘कबाना’ पाहणींत या उपायानें रोग्यांना आराम अधिक पडला. मृत्यु व पक्षाघात यांत मात्र सिद्ध होण्याइतका फरक दिसला नाहीं. त्यानंतर २०२० मध्यें युरोपांतील २,७८९ रोग्यांच्या पाहणींत, विकार कळल्यापासून वर्षाच्या आंत लयीचा उपचार सुरू केल्यास हृदयरोगानें मृत्यु, पक्षाघात वगैरे आपत्ति कमी होतात असें आढळलें. या निष्कर्षांत विरोध मानण्याचें कारण नाहीं. विकार ताजा असतां लय मिळविण्यांत अर्थ असतो. कर्णिका वर्षानुवर्षें ताणून सैल झाल्यावर, फारसा त्रास नसलेल्या वृद्धाला वेग आवरणेंच पुष्कळदां पुरतें.

घरोघरीं खरी चूक होते ती याहून निराळीच. थरथरणाऱ्या कर्णिकेच्या एका खिशांत रक्त सांचून गुठळी होते व ती मेंदूकडे गेली कीं पक्षाघाताचा झटका येतो. त्याचा संभव या विकारांत सुमारें पांचपट असतो. नाडी सुधारली म्हणून हा संभव संपत नाहीं. ‘अफर्म’मध्यें रक्त न गोठूं देणारें वॉरफरिन सोडलेल्या किंवा तें अपुरें पडलेल्यांनाच बहुतेक पक्षाघात झाले, ते लयीच्या गटांतहि झाले! म्हणून हें औषध द्यावें कीं नाहीं, हें नाडीवरून न ठरवितां वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वींचा झटका यांवरून ठरवितात. ॲस्पिरिन त्याची जागा घेऊं शकत नाहीं. २०११ मध्यें अपिक्साबॅन या नव्या औषधाशीं त्याची तुलना झाली, तेव्हां पक्षाघातादि आपत्तींचें वार्षिक प्रमाण ॲस्पिरिनवर ३.७ टक्के, तर अपिक्साबॅनवर १.६ टक्के निघालें; मोठ्या रक्तस्रावांत मात्र लक्षांत घेण्याजोगा फरक पडला नाहीं.

आपल्याकडे एक अपवाद महत्त्वाचा आहे. लहानपणींच्या संधिवाताच्या तापानें ज्यांची झडप आकसलेली आहे, त्यांना नवीं औषधें न देतां वॉरफरिनच देतात. २०२२ च्या एका मोठ्या पाहणींत तेंच सरस ठरलें. वॉरफरिन घेणाऱ्यानें रक्ताची वरचेवर तपासणी करावी लागते. मेथी-पालक वर्ज्य करण्याची जरूर नाहीं. आठवड्याला जेवढी भाजी पानांत पडते तेवढीच नेमानें पडावी, म्हणजे औषधाचें मान बिघडत नाहीं.