किमतीवर चिकटवलेलं स्टिकर : दुकानात आपला हक्क काय?



जून महिना आला की दप्तर, वह्या, कंपास, डबा, पाण्याची बाटली अशी खरेदी सुरू होते. घाईत आपण वस्तू बघतो, पण तिच्यावरची किंमत नीट बघत नाही. एखाद्या पाकिटावर छापील किमतीवर पांढरं स्टिकर असतं आणि त्यावर जास्त आकडा असतो. कुठे किंमत मार्करने खोडलेली असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "वरूनच भाव वाढलाय, आम्ही काय करणार?" आपणही पाच-दहा रुपयांसाठी कशाला वाद, म्हणून गप्प बसतो. किराणा आणायला मुलाला पाठवलं तर तो विचारतही नाही. म्हणून हा विषय मोठ्यांनी समजून घ्यावा आणि मुलांनाही सांगावा.

एमआरपी म्हणजे नेमकं काय?

एमआरपी म्हणजे कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित. १९९० च्या आधी पाकिटावर बऱ्याचदा "स्थानिक कर वेगळे" असं छापलेलं असायचं. त्या कराच्या नावाखाली कोण किती घेईल याचा पत्ता नसे. मग सर्व कर धरून एकच कमाल किंमत छापण्याचा नियम आला. आज हा विषय वैधमापन शास्त्र अधिनियम, २००९ आणि त्याखालील आवेष्टित वस्तू नियम, २०११ यांत येतो. आवेष्टित म्हणजे आधीच पॅक करून आलेली वस्तू.

यातला "कमाल" हा शब्द मुलांच्या मनावर ठसवायला हवा. ही किंमत म्हणजे वरची मर्यादा. दुकानदार त्यापेक्षा कमी घेऊ शकतो, आपण घासाघीस करू शकतो. पण किरकोळ दुकानदाराला छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. थंड बाटलीसाठी "कूलिंगचे दोन रुपये", दुधाच्या पिशवीवर "एक रुपया वर", हे सगळं त्यातच आलं.

एक अपवाद माहीत असू द्या. हॉटेलात बसून पाण्याची बाटली मागवली तर तिथे वस्तूबरोबर सेवाही दिली जाते, म्हणून हा नियम तसाच लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. पण ही सवलत हॉटेल-रेस्टॉरंटची आहे, कोपऱ्यावरच्या दुकानाची नाही.

स्टिकर लावता येतं का?

नियम सोपा आहे. उत्पादकाने, पॅक करणाऱ्याने किंवा आयातदाराने छापलेली किंमत खोडणं, पुसट करणं किंवा बदलणं कुणालाही चालत नाही. स्टिकरचे प्रकार मात्र वेगवेगळे आहेत :

१. किंमत वाढवणारं स्टिकर – चालत नाही. भाव वाढला असेल तर नवीन मालावर नवीन किंमत छापून येईल. जुन्या किमतीचा माल जुन्याच किमतीच्या मर्यादेत विकायचा.

२. किंमत कमी करणारं स्टिकर – चालतं. पण मूळ छापील किंमत झाकली जाता कामा नये. दोन्ही आकडे ग्राहकाला दिसले पाहिजेत.

३. कर बदलल्यावरचं स्टिकर – यासाठी सरकार वेळोवेळी खास मुभा देतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा न विकलेल्या मालावर सुधारित किंमत दाखवायला काही काळ परवानगी होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हाही अशी मुभा दिली गेली. दोन्ही वेळी अट तीच : मूळ किंमत दिसत राहिली पाहिजे.

४. परदेशी मालावरचं स्टिकर – बाहेरून आलेल्या वस्तूवर आयातदार आपलं नाव, पत्ता आणि किंमत असलेलं लेबल लावतो. ते योग्यच आहे.

म्हणजे स्टिकर दिसलं की लगेच भांडायचं नाही. आधी दोन प्रश्न विचारायचे : खालचा आकडा दिसतोय का? आणि वरचा आकडा त्यापेक्षा मोठा आहे की लहान?

रॅकवर एक किंमत, बिलात दुसरी

मोठ्या दुकानांत वेगळाच प्रकार होतो. समजा, तेलाच्या पिशवीवर एमआरपी १७० रुपये आहे, रॅकवरच्या पट्टीवर १४९ लिहिलंय आणि काउंटरवर बिल झालं १६२ रुपयांचं. एमआरपीच्या आतच आहे, मग तक्रार कसली?

इथे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ उपयोगी पडतो. वस्तूवर किंवा वेष्टनावर दाखवलेल्या, कायद्यानुसार लावलेल्या दरपत्रकातल्या किंवा दोघांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतलं, तर तक्रार करता येते. किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. कमी भावाची पट्टी दाखवून जास्त बिल करणं त्यात येऊ शकतं.

पण दुसरी बाजूही पाहू. पट्टीवरची किंमत म्हणजे खरेदीचं निमंत्रण असतं, सौदा काउंटरवर पूर्ण होतो. चुकून १४९० ऐवजी १४९ लिहिलं गेलं आणि पैसे देण्याआधीच दुकानदाराने चूक सांगितली, तर "याच भावात द्या" अशी सक्ती सहसा करता येत नाही. आपण वस्तू परत ठेवू शकतो, हा आपला हक्क. मात्र न सांगता जास्त पैसे घेतले असतील, तर फरक परत मागायलाच हवा.

प्रत्यक्षात काय करायचं?

- बिल घ्या. मागूनही बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दोनशे रुपयांच्या आतल्या खरेदीचं बिल दुकानदार बहुधा आपणहून देत नाही, म्हणून मागायची सवय लावा.
- पाकिटाचा, स्टिकरचा किंवा रॅकवरच्या पट्टीचा फोटो तिथेच काढा. नंतर पट्टी बदलली जाऊ शकते.
- स्टिकर खरवडून काढू नका. ते आहे तसं राहिलं तरच पुरावा राहतो.
- आधी दुकानदाराशी शांतपणे बोला. "काका, खाली छापील किंमत कमी दिसतेय, त्याप्रमाणे घ्या" एवढं बऱ्याचदा पुरतं.
- ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. छापील किमतीशी छेडछाड झाली असेल तर जिल्ह्यातल्या वैधमापन शास्त्र कार्यालयाकडे लेखी तक्रार द्या. जुनी माणसं त्याला वजनमापे खातं म्हणतात, ते हेच.
- नुकसान मोठं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

पाच रुपयांसाठी एवढं कशाला, असं वाटेल. हिशोब करून बघा. एका दुकानात दिवसाला शंभर पिशव्या दूध जातं आणि प्रत्येकी एक रुपया जास्त घेतला जातो. वर्षाला छत्तीस हजार पाचशे रुपये झाले, आणि तेही बहुतेक अशा घरांतून जिथे महिन्याचा मेळ कसाबसा बसतो. आपल्याकडे पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, तीही सामान्य माणसाच्या अशाच छोट्या छोट्या नाडवणुकीतून.

वर्गात घेण्यासारखा उपक्रम

पाचवी ते आठवीच्या मुलांना घरातली दहा रिकामी पाकिटं आणायला सांगा. प्रत्येक पाकिटावर या गोष्टी शोधून तक्ता करायचा : एमआरपी, निव्वळ वजन, पॅक केल्याचा महिना-वर्ष, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठीचा क्रमांक. मग एका ग्रॅमला किती पैसे पडले ते काढायचं. ४० रुपयांना १६० ग्रॅम म्हणजे ग्रॅमला २५ पैसे. २० रुपयांना १०० ग्रॅम म्हणजे २० पैसे. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हा समज मुलं स्वतःच तपासतील. गणित, नागरिकशास्त्र आणि मराठीतलं तक्रार-पत्र असे तिन्ही विषय एका तासात येतात. २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनाला तर हा उपक्रम जरूर घ्या.

शेवटी एक विनंती. मुलांना हे शिकवताना दुकानदार म्हणजे चोर, असं चित्र उभं करू नका. वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील स्वतः दुकान चालवतात आणि चोख व्यवहार करतात. वरून आलेल्या मालावर स्टिकर आधीच असेल, तर अडचणीत तेही येतात. मुलांना एवढंच शिकवायचं : पाकीट उलटून बघायचं, आकडा वाचायचा, नम्रपणे विचारायचं आणि बिल घ्यायचं. पुढच्या वेळी मुलाला दुकानात पाठवाल, तेव्हा पैशांबरोबर एवढं सांगून पाठवा.