एका रोपाची अनेक छायाचित्रे

एक छायाचित्र एकच क्षण सांगते. परंतु एकाच विषयाची अनेक छायाचित्रे नीट जुळविली, तर एका चित्रात न मावणारी गोष्ट दिसू लागते. याचे एक जुने उदाहरण आपल्या जवळचेच आहे.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले. कलाभवनाचे संस्थापक प्रा. त्रिभुवनदास गज्जर मूळचे सुरतेचे, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. १९१२ साली फाळक्यांनी विलायतेहून कॅमेरा आणला. पण चित्रपटास भांडवल हवे होते, आणि नुसत्या शब्दांवर पैसा कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसविला आणि महिन्याहून अधिक काळ थोड्याथोड्या अंतराने चित्रे घेतली. मूकपटात सेकंदाला सुमारे सोळा चित्रे सरकतात, म्हणजे मिनिटाला हजाराच्या आसपास. पडद्यावर बघता बघता अंकुर फुटून वेल वाढला, आणि कर्ज देणारा पुढे आला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी १९८२ साली उलट वाट धरली. एकाच खोलीची किंवा माणसाची निरनिराळ्या बाजूंनी घेतलेली छायाचित्रे ओळीने मांडून त्यांनी एकच चित्र केले. सारांश, जागा कायम ठेवली तर काळ दिसतो. जागा बदलत गेली तर वस्तूची सर्व अंगे दिसतात.

हे आम्ही स्मरणिकेत का लिहितो? आमच्या अब्बांचे शाळेतील समूहचित्र घरच्या पेटीत आहे. त्यातील चेहऱ्यांची नावे फक्त अम्मीला ठाऊक होती. आज लिहून घेऊ, उद्या घेऊ, असे म्हणता म्हणता ती गेली. आता त्यातील अब्बा तेवढे आम्हांस ओळखू येतात. मुलांना रोज ‘वहीवर नाव घाला’ म्हणून बजावणाऱ्या मास्तरांच्या घरची ही स्थिती!

म्हणून सभासदांस विनंती. ट्रस्टच्या दरवर्षीच्या मेळाव्याचे छायाचित्र एकाच जागेवरून, तितक्याच अंतरावरून घ्यावे आणि मागे पेन्सिलीने तारीख व नावे लिहावीत. जुन्या चित्रांतील नावे वडीलधाऱ्यांना आजच विचारावीत. पुढील महोत्सवात ही चित्रे ओळीने लावली, म्हणजे आपल्या संस्थेचे रोप कसे वाढले, आणि त्याला पाणी कोणी घातले, हे मुलांना डोळ्यांनी पाहता येईल.